रंगाऱ्यांच्या कढईतलं कारंजं

अप्पांनी पणजोबांची कढई मोडीत द्यायचं ठरवलं, म्हणून चिदंबर मला भेटला. शहाऐंशीची गोष्ट. रंगाऱ्यांची कढई ती, तांब्याची, दोन माणसं आत बसतील एवढी. घरातलं कापड रंगवायचं काम केव्हाच बंद झालेलं. अप्पा, माझे वडील, बँकेत, मी शाळेत शिकवायची. दुकानात भंगारवाल्यानं तिला हात घातला, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "बेडा, बेडा! मोडू नका हो!"

वळून पाहिलं. उंच, सावळा, हातात पाइपाचा तुकडा.

"तुम्हाला हवीय का?" मी विचारलं.

"मला नको, तुमच्या बागेला हवीय. कारंजं करून देतो."

"आमची बाग कुठं पाहिलीत?"

"नाही पाहिली... दाखवा की!"

अय्यो, काय आगाऊ! पण या कानडी मुलखात मराठी बोलणारा कुणी दिसला की आमचे अप्पा विरघळतात. कढई परत घरी आली, नजरबाद मोहल्ल्यात.

चिदंबर नंजनगूडच्या एका कारखान्यात फिटर होता. दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायचा. कढई जमिनीत अर्धी पुरली, आतून सिमेंटचा हात दिला, गच्चीवर जुनं पिंप चढवलं, आणि पाण्याच्या तोंडाशी आमच्या मोडक्या स्टोव्हचा बर्नर बसवला. पाणी पहिल्यांदा उडालं ते थेट माझ्या तोंडावर! तो खो खो हसला... मग हसायचा थांबला आणि नुसता बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... गालावर थेंब आहे."

मी पुसला, तर चुकीचा गाल. दुसरा मी मुद्दामच पुसला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी एवढी वेडी होईन, असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या खेपेला त्यानं कृष्णराजनगरच्या मामांकडून दुधाच्या कॅनमध्ये पाच मासे आणले, बसमधून, मांडीवर धरून. निघताना म्हणाला, "रविवारी आई येतेय... कारंजं बघायला."

कारंजं! त्याची आई, पुष्पावतीबाई, काय बघायला येणार, ते शेजारच्या मांजरालाही कळलं असतं. आधी दोन ठिकाणांहून मला नकार आला होता. आता तिसरा आला तर तो चिदंबरचा असणार, आणि तो मला सोसला नसता.

काळ्या तांब्याच्या घरात सून बघायला जाऊ नये, असं आमची आई म्हणायची. म्हणून शनिवारी मी चिंच-मीठ घेऊन कढईचा काठ घासला. असा लखलखला की बस्स! सकाळी पाहते तर पाचही मासे उलटे तरंगत होते. काठावरचं आंबट, हिरवं पाणी सगळं आत उतरलं होतं.

"रडू नको," अप्पा म्हणाले. "बाजारातून दुसरे आणतो. कुणाला कळतंय?"

ते पिशवीत मासे घेऊन शिरले आणि पाठोपाठ मायलेकही आले.

"अगबाई, काय चकाकतंय!" पुष्पावतीबाई म्हणाल्या. "पोरगी कामाची आहे हं."

हेच तर ऐकायचं होतं मला! पण अप्पा पिशवी सोडायला वाकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, नको! हेही मरतील!"

मग सगळं सांगितलं. चिंच, मासे, अप्पांची खटपट, सगळं. रडू आवरेना.

चिदंबर काठापाशी बसला. बोटानं पाणी हलवलं. "चूक माझी. दर रविवारी एवढं बोललो, आणि सांगायचं तेच राहिलं."

"काय?"

"तांब्याला चिंच लावायची नाही, हे एक. आणि..."

"आणि?"

तो पुन्हा बोटानं पाणी हलवू लागला. अप्पा पिशवी धरून उभे.

"अरे चिदू, बोल की!" पुष्पावतीबाई कडाडल्या. "मासे पिशवीत गुदमरतायत!"

"वनजा, माझ्याशी लग्न कराल?"

मी धावत आत गेले, प्लॅस्टिकची बादली भरून आणली, मासे तिच्यात सोडले आणि मगच हो म्हटलं.