रिकाम्या खुर्चीचा अर्थ

"त्या सिनेमाच्या वर्गातल्या कुणावर जीव लावू नकोस हं, आर्मेल," ओदील म्हणाली होती. "तिथं कुणी रडलं तर रुमाल देत नाहीत. रडण्याचा अर्थ काढत बसतात."

ओदील तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण, नर्सिंग शिकणारी. आर्मेल नुसती हसली, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि दुपारच्या खेळाला निघून गेली.

पॅरिसमधला नोव्हेंबर. दुपारीच दिवे लावावे लागतील असं राखाडी आभाळ, थिएटरात ओल्या लोकरीचा वास. सिनेमा रंगात आलेला असताना पडदा एकदम पांढराशुभ्र झाला. आवाज बंद. कुणी जागचं हललं नाही. बहुतेक सगळे त्याच वर्गातले. पांढऱ्या पडद्याकडे गंभीर चेहऱ्यानं बघत अंधारात टिपणं काढत होते.

शेजारच्या खुर्चीवरून कुजबुज आली, "हे दिग्दर्शकाचं धाडस, की रीळ तुटलंय?"

तिनं ओठ चावून हसू दाबलं. "हळू बोला! कुणीतरी यावर प्रबंध लिहील."

"मीच लिहिणार होतो. तुम्ही चोरू नका म्हणजे झालं."

दिवे लागले तेव्हा तो दिसला... उंच, कोटाचं एक बटण तुटलेलं, डोळ्यांखाली जागरणाच्या सावल्या. एर्वे. ब्रेस्टच्या बंदरावरून शिकायला आलेला.

सिनेमा शिकवणाऱ्या मादाम तिसोंच्या वर्गात ती दोघं शेजारी बसू लागली. तिथं एक प्रथा होती. कुणी मनातलं काही बोलून गेलं, की सारा वर्ग एकसुरात विचारायचा, "कुठून घेतलंस?" मादामचं म्हणणंच तसं होतं: आपण जे बोलतो ते आपलं नसतंच, सिनेमांनी, जाहिरातींनी, गाण्यांनी ते आधीच आपल्या तोंडात ठेवलेलं असतं. मूळ असं काही उरलेलं नाही. नुसत्या नकलांच्या नकला.

दोघांनी त्याचा खेळ केला. नक्कल ओळखता आली नाही, तर ओळखणाऱ्यानं कॉफी पाजायची.

"तुझ्याशिवाय हे शहर ओसाड वाटतं," पुलावर वाऱ्यात उभं राहून तो म्हणायचा.

"कुठून घेतलंस? थांब... परफ्यूमची जाहिरात!"

"चूक. मोज्यांची. चल, काढ पाकीट."

"लबाडा! मोज्यांसाठी इतकं कोण रडतं?"

"ब्रेस्टला ये एकदा, पाय गारठले की कळेल."

ती त्याच्या दंडावर चापट मारायची, आणि हात तिथून काढायला विसरायची. तोही आठवण करून द्यायचा नाही. खरं काय ते दोघांनाही कळलं होतं... पण म्हणायचं कसं? म्हटलं की समोरचा विचारणार, कुठून घेतलंस.

मग एका गुरुवारी, कॉफीच्या कपाकडे बघत तो म्हणाला, "आर्मेल, सकाळी उठून काय करायचं तेच मला कळेनासं झालंय. सगळं काचेपलीकडे चाललंय. मी अलीकडे राहिलोय."

तिचे डोळे चमकले. "थांब, थांब, ओळखते! कृष्णधवल आहे ना? शेवटच्या रिळातलं?"

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. "जिंकलीस," म्हणाला, आणि पैसे देऊन गेला.

पुढच्या गुरुवारी त्याला निबंध वाचायचा होता. विषय होता 'पडद्यावर नसलेला माणूस'. वर्ग भरला. पुढची खुर्ची रिकामी. बराच वेळ सगळे वाट बघत बसले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हाच तर निबंध आहे!"

हशा झाला, टाळ्या पडल्या. मादामनी चष्मा काढून कौतुकानं त्या खुर्चीकडे पाहिलं. मग चर्चा पेटली. आर्मेलही उठली. "ही खुर्ची रिकामी नाहीच. ती आपल्या अपेक्षेनं भरलेली आहे." मादामनी मान डोलावली. आर्मेल खूश होऊन बसली, आणि तिनं सवयीनं शेजारी वळून बघितलं, एर्वे हसतोय का ते.

शेजारी कुणी नव्हतं.

ती चर्चा अर्धी टाकून बाहेर पडली. मफलर तिथंच राहिला. मेट्रोत ती उभीच राहिली, आणि त्याच्या इमारतीचे जिने धापा टाकत चढली.

छपराखालच्या त्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकी बंद. तो पलंगावर कोट घालून बसला होता, एका पायात बूट.

"निबंध लिहून झाला होता गं," तो म्हणाला. "बूट घालायला बसलो... लेस बांधताच येईना. मग तसाच बसलो."

"कधीपासून?"

"माहीत नाही. वर्गात काय म्हणाले?"

"तुझ्या नसण्यावर चर्चा केली." तिचा आवाज फाटला. "सगळ्यांत छान मी बोलले, एर्वे."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला. तिनं खाली बसून तो एक बूट हळूच काढला, गार पाय दोन्ही हातांत धरला.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती म्हणाली.

"ऐकू येतंय," तो म्हणाला. "पण... पोचत नाहीये."

"मग उद्या पुन्हा सांगेन. परवाही."

ओदीलला बोलावलं, तिनं डॉक्टर गाठून दिला. मग ब्रेस्टहून त्याची बहीण आली आणि त्याला घरी घेऊन गेली. गाडी सुटताना त्यानं काचेवर तळहात टेकला. आर्मेलनं बाहेरून आपला टेकला. काच तेवढी थंडच राहिली.

आता ती दर शनिवारी फोन लावते. कधी तो बोलतो, कधी नुसता श्वास ऐकू येतो. ती फोन ठेवत नाही.

घरातलं तान्हं फार वेळ गप्प राहिलं, तर आपण हातातली पोळी तव्यावर टाकून धावतो, नाकाशी बोट धरून श्वास बघतो. मोठं माणूस गप्प झालं, की मात्र आपण त्याला स्वभाव म्हणतो. तुमच्या ओळखीतही कुणीतरी असेल, सगळ्यांना हसवणारं, हल्ली कुठं न दिसणारं. नाव आत्ता तुमच्या मनात आलंच असेल. गावातच असेल, तर फोनवर भागवू नका. चपला घाला, त्याच्या दारापर्यंत जा, आणि एकदा बघून या.