बांधलेला पाय

ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत येणारा फौजी बघून अंजनाला हसू आलं आणि तिथंच घात झाला. तिच्याकडे बघायला कृष्णातनं मान वळवली, पाऊल शेवाळावर पडलं, आणि डावा घोटा कटकन आत वळला.

"हसा आता," तो पाण्यात बसूनच म्हणाला. "जर्मनाला जे जमलं न्हाई, ते तुमी केलं."

"मग आमच्याच घरी चला. मोडायचं आन् जोडायचं, दोनी कामं आमच्याकडंच."

चव्वेचाळीस सालातली गोष्ट. विट्याजवळच्या त्या गावात अंजनाचे वडील तात्याबा हाडवैद्य होते. मोतीबिंदूनं डोळे गेले, पण बोटांना सगळं दिसायचं. आताशा ती बोटंही थरथरत, म्हणून पट्टी लेकच बांधायची. तात्याबांनी घोट्याची दोन्ही हाडं दाबून पाहिली, कृष्णातला चार पावलं चालायला लावलं.

"हाड शाबूत हाय. शीर ताणलीया. गार पाण्याची घडी, आंबेहळदीचा लेप, वर पट्टी, आन् पाय उशीवर. पोरी, ताजा पाय चोळायचा न्हाई बरं का. चोळला की सूज मुक्कामालाच आली म्हणायची."

अंजनाला हे लहानपणापासून पाठ होतं.

आठ दिवसांनी रजा संपणार होती. कृष्णात आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त मानसिंग, दोघांनी एकाच गाडीनं बर्माच्या सरहद्दीवर जायचं होतं. तोवर कृष्णात रोज सकाळी काठी टेकत यायचा.

"हात लय गार हाईत गं तुझं."

"पानी गार हाय. गप बसा..."

गप बसवत नव्हतं ते तिलाच! चौथ्या दिवशी सूज उतरू लागली आणि ती रजेचे उरलेले दिवस बोटांवर मोजू लागली. पाचव्या दिवशी तात्याबा अंगणात ऊन खात बसलेले बघून तिनं अंगठ्यानं घोटा चोळला... खोल, जोर लावून. कृष्णातनं ओठ आवळले, पण पाय मागं घेतला नाही.

सूज पुन्हा चढली. तालुक्याच्या डॉक्टरनं रजा वाढवून दिली. मानसिंग एकटाच गेला. अंजना रोज चोळत राहिली आणि रोज देवापुढं नाक घासत राहिली. तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना तो हाच, हेही खरं.

महिन्यानं मानसिंगच्या घरी तार आली. त्याची आई साळूबाई जोंधळे पाखडत होती. तिनं फोडलेला हंबरडा ओढ्यापलीकडं ऐकू आला.

कृष्णात आला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते.

"आज चोळू नगंस. नीट बांध."

अंजनाचे हात थांबले. "तुमास्नी... ठावं हुतं?"

"तुझ्या बानं माझ्यादेखतच सांगितलं न्हवतं व्हय? मलाबी हितंच ऱ्हायचं हुतं, तुझ्यापाशी. म्हून पाय म्होरं करत गेलो. मानसिंगच्या शेजारची जागा माझी हुती गं."

ती रडत रडत बांधत राहिली, वडिलांनी शिकवलं होतं अगदी तसंच. दहा दिवसांत पाऊल सरळ पडू लागलं. निघायच्या दिवशी शेवटची गाठ मारताना ती म्हणाली,

"ह्यो पाय आता माझा हाय. परत आणून द्या."

"आणतो."

दीड वर्ष गेलं. लढाई संपली. अंजनानं चार स्थळं परत पाठवली, बोलणी खाल्ली. मग एका दुपारी दारात छकडा थांबला. दोघांनी धरून कृष्णातला खाली उतरवलं, काखेत कुबड्या दिल्या. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

ती उंबऱ्यातच थिजली. त्यानं मान वर केली नाही.

"तुझा तेवढा आणलाय," तो म्हणाला. "दुसरा ऱ्हायला मानसिंगपाशी. आता... तुला नगं असंल तर—"

"बसा आधी."

तिनं डावा पाय मांडीवर घेतला, घोट्याची दोन्ही हाडं दाबून पाहिली. सगळा भार एकट्यानं वाहून घोटा सुजला होता. तिनं गार पाण्याची घडी ठेवली, लेप लावला, पट्टी बांधली.

चोळला मात्र नाही. आता त्याला कोणी न्यायला येणार नव्हतं.