शेंड्यात हाड नसतं

शस्त्रक्रियेनंतर मुक्ताताईचं नाक फोटोत आता सुरेख दिसत होतं. मग कबड्डीत चढाईला निघताना तिने छाती भरून श्वास ओढला, की तेच नाक बंद का व्हायचं? दोन चढायांत तिचा दम तुटायचा. असंच चाललं तर पुढच्या हंगामात संघात जागा नाही, असं प्रशिक्षकांनी सांगून टाकलं होतं.

बारा वर्षांची सावनी बहिणीला घेऊन तणतणत शस्त्रक्रिया झालेल्या दवाखान्यात आली. सोबत कुमुदआजी होती. ती आईची मावशी, निवृत्त शल्यविशारद. ताईच्या नाकाचा शेंडा बारीक करणारा यंत्रमानव सुघड शांतपणे म्हणाला, "रुंदी ठरल्याप्रमाणे आहे. काम अचूक झालं आहे."

"अचूक? तुझं माप घाल चुलीत. तिला श्वास घेता येत नाही."

आजीने सावनीला आवरलं नाही. तिने सावनीचं बोट सावनीच्याच नाकाच्या शेंड्यावर ठेवून समजावलं. इथे हाड नसतं, कूर्चा असते (कानात हाताला लागतो तसा लवचीक, पण आकार धरून राहणारा भाग). प्रत्येक नाकपुडीवर कूर्चेची एक कमान असते. दोन्ही कमानी मधोमध भेटतात, तोच शेंडा. तो बारीक करायला कमानीची वरची कड थोडी कापतात, पण सहा-सात मिलिमीटरची पट्टी राखावीच लागते. सुघडच्या नोंदीप्रमाणे त्याने तीनच ठेवली होती. श्वास ओढला की आतला हवेचा दाब घटतो, आणि दुबळी भिंत आत ओढली जाऊन मिटते.

"न कापता नाही का करता येत?" सावनीने विचारलं.

"पुष्कळदा येतं. कमानी टाक्यांनी वळवायच्या. पण त्याला वेळ लागतो," आजी कडवटपणे म्हणाली.

सावनीने ताईला सुघडसमोर उभं करून श्वास घ्यायला लावला. दोन्ही नाकपुड्या चिकटल्या.

सुघडने त्या मिटलेल्या नाकपुड्या जवळून पाहिल्या. "मला चाळीस हजार फोटो दाखवून शिकवलं," तो म्हणाला. "फोटोत कुणी श्वास घेत नाही."

आजीने दवाखान्याच्या प्रमुखांना बोलावून सगळ्यांदेखत खडसावलं. मग ताईला समजावलं, की कानाच्या खळग्यातली कूर्चेची पट्टी नाकपुडीच्या भिंतीत बसवता येईल (याला कलम म्हणतात), कानाचा आकार बदलणार नाही. सहा महिने मैदान बंद. ताईने लगेच मान डोलावली.

बाहेर पुढची मुलगी हव्या तशा नाकाचा फोटो हातात घेऊन बसली होती. सुघडने तो बाजूला ठेवला. "आधी जोरात श्वास घे," तो म्हणाला.

सावनीचा राग उतरला नव्हता. सुघड नीट बघतोय ना, हे पाहायला ती तिथेच उभी राहिली.