पुंजारामांची चावी

सोमेश्वरच्या गाडीची रिमोट चावी पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात बंद पडली. तो जालन्याच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, त्यामुळे त्याला त्यात नवल वाटलं नाही. बटण दाबलं तर गाडी ढिम्म. त्यानं चावी भोकात घालून दार उघडलं आणि तो कामाला गेला.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं चावी खोलली. आतला गोल सेल बदलला, बटणांच्या रबराखालचे काळे ठिपके पुसले, सेलला धरणारी पत्र्याची पट्टी जराशी उचलली. तरी काही फरक नाही. मीना, त्याची बायको, म्हणाली की नवीनच करून आणा, गाडी द्यायचीय तर चावी तरी धड असू द्या. घनसावंगीचं एक गिऱ्हाईक रविवारी तीर्थपुरीला, सोमेश्वरच्या गावी, गाडी न्यायला येणार होतं.

गाडी सोमेश्वरच्या वडिलांची, पुंजारामांची. ऊस बरा झाला त्या साली घेतलेली. आयुष्यभर बैलं सांभाळलेल्या माणसाला त्या गाडीतलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर ती चावी. उसाच्या बांधावरून यायला लागले की ते दुरूनच बटण दाबायचे. अंगणातली गाडी दिवे मिचकावायची. "बघ, ओ देती," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सोमेश्वर सुट्टीला गावी आला की बापलेकाचा खेळ चालायचा. हा आपल्या चावीनं गाडी बंद करायचा, ते कुठूनतरी आपल्या चावीनं उघडायचे. याला वाटायचं कुलूप लागलं, तोवर गाडी दोनदा डोळे मिचकावून मोकळी. पुंजाराम गोठ्याआडून हसत बाहेर यायचे. त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांची चावी उसात पडली. पाचट उलथून शोधली, सापडली नाही. पुढे ते गेले, ऊस तुटला, रान नांगरलं गेलं, तरी सापडली नाही.

शनिवारी सकाळी सोमेश्वर जालन्यातल्याच मस्तगडला गेला. तिथं धर्मराजचं चाव्यांचं दुकान होतं. त्यानं चावी तपासायच्या यंत्रापुढं धरली आणि बटण दाबलं. सिग्नल मिळाल्याचा लाल दिवा लागला. चावी चांगली होती. मग गाडीला आपलं मशीन जोडून तो बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिला.

"सर, दुसरी चावी घरी हाय का?"

"हरवली. दोन वर्षं झाली."

"मंग कसं? गाडी तिलाच धरून बसली. तुमच्या हातातल्या चावीची नोंदच न्हाई."

सोमेश्वरनं स्वतः वाकून पाहिलं. तसंच होतं. मेमरीत काहीतरी घोटाळा झाला असणार, असं तो म्हणाला, आणि त्यानं सगळ्या नोंदी पुसून नवीन चावी जोडायला सांगितली. धर्मराजनं तसं केलं. पडद्यावर आता एकच चावी होती, नवीन. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सोमेश्वरनं बटण दाबून पाहिलं. गाडीनं बरोबर दाद दिली.

दुपारी तो अंबडमार्गे तीर्थपुरीला निघाला. कालव्याच्या कडेनं ऊस उंच उभा होता. खिडकीतून ओल्या मातीचा आणि पाचटाचा वास येत होता. याच रस्त्यानं दादा, म्हणजे पुंजाराम, त्याला शेजारी बसवून जालन्याच्या होस्टेलवर सोडायला यायचे, तेव्हा कुणाकडून तरी मागून आणलेल्या जीपमध्ये. गाडी विकायचं ठरवलं तेव्हा काही वाटलं नव्हतं, ते आता वाटायला लागलं.

अंगणात लिंबाखाली गाडी लावून त्यानं बटण दाबलं. दिवे एकदा मिचकले. कुलूप लागलं. तो ओसरीवर चढतोय तोच मागं खट् झालं आणि दिवे दोनदा मिचकले.

उषाबाई, त्याची आई, पाणी घेऊन बाहेर आली. "कुलूप कशाला लावून राह्यला? आपल्या अंगणातून कोण नेतंय?"

हे शब्द दादांचे होते.

त्यानं पुन्हा कुलूप लावलं. पुन्हा ते उघडलं. त्याला वाटलं, नव्या चावीचं बटण आत अडकलं असेल. त्यानं चावी उघडून सेल काढला आणि ओसरीवर ठेवला. मग हातानं दाराच्या खिट्ट्या खाली दाबल्या. ऊन कलत होतं. पाखरं लिंबावर उतरत होती. शेताकडून पाणी वळवल्याचा आवाज येत होता.

खट्. खिट्ट्या वर आल्या.

त्याला राग आला. म्हणजे निदान त्याला तो राग वाटला. त्यानं बॉनेट उघडलं, पाना लावला आणि बॅटरीची काळी वायर सोडवून बाजूला वाकवली. आता गाडीत करंट नव्हता. दिवा लागण्याचा प्रश्नच नव्हता. हे तो पोरांना रोज शिकवायचा. बॉनेट मिटून त्यानं चारी खिट्ट्या पुन्हा दाबल्या, आणि उसाकडं तोंड करून उभा राहिला.

ऊस हलला नाही. कुणी दिसलं नाही.

गाडीचे दिवे मिचकले. दोनदा.

दुसऱ्या दिवशी त्यानं घनसावंगीच्या गिऱ्हाइकाला फोन करून व्यवहार मोडला. कारण विचारलं तर चावीचं काम राहिलंय, एवढंच बोलला. गाडी अजून तीर्थपुरीलाच आहे. पण दिवे मिचकल्यावर काय झालं, ते त्यानं फक्त मीनाला सांगितलं, तेही फार दिवसांनी.

त्या संध्याकाळी उषाबाई ओसरीवरून उतरली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, चपला घातल्या, आणि गाडीच्या डाव्या दाराशी गेली.

"माय, कुठं चालली?"

"ते बोलवून राह्यले ना," ती म्हणाली. तिनं दाराला हात घातला, पण उघडलं नाही. दुसरं कुणी आधी आत बसेल याची वाट पाहावी तशी ती थांबली.

सोमेश्वर गाडीच्या मागं उभा होता. तिथून त्याला मागची दोन्ही चाकं दिसत होती. उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या सीटखाली, गाडी हळूच दबली.

मग उषाबाईनं दार उघडलं.