कुणाची हरकत नाही ना?

सकाळी डोळा उघडल्यापासून दुपारच्या पहिल्या घासापर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. नुसतं तोंड बंद ठेवायचं, एवढंच ते नाही. मान हलवायची नाही, हातवारे करायचे नाहीत, पाटीवर लिहूनही दाखवायचं नाही. माझी आई म्हणायची, खुणांनी बोलायचं असेल तर सरळ तोंडानंच बोल, देवाला कशाला फसवतेस. तेवढा वेळ मी माझी कामं करते, दिवा लावते, घंटी वाजवते, जप करते. दूध उतू जायला लागलं तर गॅस बंद करते, पण कुणाला हाक मारत नाही. घरातल्यांच्या हे अंगवळणी पडलंय. जे विचारायचं ते सूनबाई आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवते.

हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली लोक माझ्या व्रताचं कौतुक करतात. त्यांनी ते करू नये.

आमचे हे पाणीपुरवठ्यात होते. जन्मभर लोकांचे मीटर तपासले. कुणी काटा अडवून ठेवला असेल तर यांना दारातूनच कळायचं. असा माणूस निवृत्त झाल्यावर ड्रम शिकायचं मनावर घेतो आणि वस्तू मात्र डोळे मिटून घेतो, याला काय म्हणावं? पहिला मोठा ड्रम आणला, तो ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा वाजायचा. उघडला तर आत पुठ्ठा आणि चिकटपट्टी. "धडा मिळाला," हे म्हणाले. "आत बघितल्याशिवाय घ्यायचं नाही." मग पायानं उघडझाप करायच्या दोन सिंबल आणल्या. आम्ही घरात त्यांना थाळ्याच म्हणतो. त्यातली एक दुसरीपेक्षा बोटभर मोठी निघाली. "धडा मिळाला. जोडी नीट पारखून घ्यावी," असं म्हणून माझ्याकडे बघून हसले. जेवण झाल्यावर मी सांगितलं, की हा धडा माझ्या वडिलांनी वेळेवर घ्यायला हवा होता. त्यानंतरचा स्टँड लंगडा निघाला. धडे यांनी घ्यायचे आणि अडगळीवरची धूळ मी पुसायची, असं चाललेलं.

हे सगळं मागच्या खोलीत असतं, बाथरूमला लागून. तिथून पॅसेज, मग देवाचा कोनाडा, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात पुढे मुंगीची खोली. मुंगी म्हणजे माझी नात. मुलगा जहाजावर, सून बँकेत, त्यामुळे पोर दिवसभर माझ्याजवळ. नाव मुंगी, पण हसणं असं की खालच्या मजल्यावरचे मान वर करून बघतात. सकाळभर ती एकटीच दोघींच्या वाटचं बोलते. दुपारी मी पहिला घास घेतला की टाळ्या पिटते आणि ओरडते, "आजी उघडली!" जसं काही मी दुकान आहे.

तर लंगड्या स्टँडनंतर मी यांना शांतपणे बजावलं होतं, आता या घरात वाजणारी एकही वस्तू येणार नाही. हे "बरं" म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच एका दुकानदाराला घेऊन आले.

मुद्दाम सकाळी. हे मी विसरणार नाही.

माणूस किडकिडीत होता, नखं स्वच्छ, दोन्ही कानांत कापूस. हे त्याला उस्ताद म्हणत होते. त्यानं जाड कापडातून थाळी काढली. उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखा तिचा रंग होता. कुठे छाप नाही, अक्षर नाही. ती त्यानं वाजवून दाखवली नाही आणि यांनीही वाजवा म्हटलं नाही. पहिला धडा असा पाण्यात गेला.

"कुणाची हरकत नाही ना?" त्यानं विचारलं. "घरातल्या प्रत्येकानं सांगायचं. मी असाच विकतो."

यांनी "माझी कसली हरकत" म्हणून सांगितलं. सूनबाई चपला शोधत होती, तिनं "माझी काही नाही हो, मला उशीर होतोय," म्हणून दार ओढलं. मुंगी झोपलेली होती. मग तो माझ्याकडे वळला. मी हातात काडेपेटी घेऊन कोनाड्यापाशी उभी होते.

"बाईंचं काय?"

"तिचं मौन असतं या वेळी," हे म्हणाले आणि हसले. "मौन म्हणजे संमती."

तो हसला नाही. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझं रक्त उकळत होतं आणि ते त्याला दिसत होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. मी मान हलवली नाही. मग त्यानं कापडाची घडी घातली आणि म्हणाला, "ठीक. मिळाली."

दुपारी मी यांना जे सुनवायचं ते सुनवलं. तर यांचं उत्तर काय, सकाळीच बोलली असतीस तर परत पाठवली असती.

थाळी वाजतच नव्हती. हे काठी मारायचे, थाळी थरथरायची, तिच्या कडा दिसेनाशा व्हाव्यात इतकी थरथरायची, आणि आवाज यायचा फक्त लाकडाचा. टक. पुढे काही नाही. यांचा चेहरा उतरला. वाजवून घ्यावी, हा धडा मिळाल्याचं त्यांनी हळू आवाजात जाहीर केलं. पण मनाला लागलं होतं, म्हणून रोज सकाळी थोडा वेळ मारून बघायचे. कधीतरी गळा मोकळा होईल म्हणायचे तिचा.

पहिल्यांदा बाथरूमचं दार गप्प झालं. ते दार घर घेतल्यापासून करकरतं. मला वाटलं यांनी तेल घातलं, यांना वाटलं मी. दोघांनी एकमेकांचं कौतुक केलं, तेवढाच काय तो आनंद. मी बिजागरीवरून बोट फिरवलं तर कोरडी गंजलेली धूळ हाताला लागली. मी दार जोरात आपटलं. ते चौकटीला लागलं, वरून रंगाचा पोपडा पडला. आवाज झाला नाही.

मग पॅसेजमधलं घड्याळ. लंबक हलत होता, वेळ बरोबर होती, टिकटिक नव्हती. हे म्हणाले, या वयात बारीक आवाज ऐकू येत नाहीत, माझ्या आईचंही असंच झालं होतं. सून म्हणाली, बरंच झालं, डोकं उठायचं त्यानं.

आणि एका सकाळी दिवा लावून मी घंटी उचलली. मागच्या खोलीत नुकतंच टक झालं होतं. मी घंटी हलवली. आतला लोलक काठाला लागत होता, बोटांना त्याचा धक्का कळत होता. बाकी काही नाही.

माझ्या आईची घंटी होती ती. मी जपाला बसले खरी, पण त्या दिवशी जप झाला नाही. डोळ्यांसमोर घर येत होतं. मागची खोली, पॅसेज, कोनाडा. एकेक खोली ओलांडून ते पुढे येत होतं.

पहिला घास घेतला, मुंगीचं "आजी उघडली" ऐकलं, तिला शेजारी सोडलं आणि थाळी पिशवीत घालून त्या दुकानात गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या शेजारी. आत भिंतभर थाळ्या टांगलेल्या, आणि गल्लीतला गोंगाट उंबऱ्यापाशीच थांबलेला. माझी पिशवी एका थाळीला घासली. कुठेतरी लांब कुत्रं भुंकलं, दमून भुंकावं तसं. मी मागे वळून रस्त्यावर पाहिलं. कुत्रं नव्हतं. थाळी अजून हलत होती.

मी त्याला सांगितलं की ही परत घ्या, आणि आमच्या घरातून जे गेलंय तेही परत द्या. आवाज चढवायची मला सवय नाही, तरी चढला.

त्यानं एका कानातला कापूस काढला. "मी विचारलं होतं, बाई."

"माझं व्रत होतं."

"व्रत तुमचं आणि देवाचं," तो थाळीकडे न बघता म्हणाला. "हिला त्यातलं काय कळणार? हिनं विचारलं, कुणी नाही म्हटलं नाही."

मी म्हटलं, विचारलं तुम्ही होतं. त्यानं कापूस परत कानात घातला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं रिकाम्या दाराकडे बघायला लागला. थाळी त्यानं हातातही घेतली नाही.

त्या संध्याकाळी मी यांच्याकडून कबूल करून घेतलं की ती वाजवायची नाही. हे चिडले. शिकल्यासवरल्या बाईनं असं बोलावं का, वगैरे झालं. पण शेवटी हो म्हणाले. दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरातला नळ बादलीत पडत होता आणि बादली मुकाट भरत होती. म्हणजे यांनी माझी अंघोळ चालू असताना वाजवली होती. यांच्या "हो"ला त्या घरात काही अर्थ उरला नव्हता.

स्वयंपाकघराच्या पुढे एकच खोली होती.

मुंगी तिच्या खोलीत नव्हती. मागून तिचं हसणं ऐकू आलं. मी धावत गेले. यांनी तिला मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या मुठीत काठी दिली होती.

"ये, ये," मला बघून हे म्हणाले. "तुझं म्हणणं माझ्या हाताबद्दल आहे ना? मग आज पोरीच्या हातानं बघू. एकदाच. म्हणजे तुझ्या डोक्यातलं जाईल."

सकाळ होती. पुन्हा सकाळच. या माणसाला माझ्याशी वाद घालायला माझं मौन लागतं.

मुंगीनं काठी वर उचलली. ती हसत होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी व्रत मोडलं. सगळा जीव गोळा करून ओरडले, "नको!"

घसा ताणला गेला. जीभ टाळ्याला लागली. ओठ मिटून उघडले.

काहीच ऐकू आलं नाही.

मुंगीची काठी थाळीवर पडली.

आणि थाळी वाजली. पहिल्यांदा. मोठ्यानं, स्वच्छ.

"नको," ती म्हणाली. माझ्या आवाजात.

यांनी मुंगीला उचलून बाहेर नेलं. त्या दिवशी कुठला धडा मिळाला, ते यांनी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं, सगळं छान आहे म्हणाले. हे थाळी भंगारात द्यायला निघाले, तर मीच दारात आडवी झाले. वितळवून टाकायची म्हणजे काय? माझा आवाज आहे तो. यांच्या मालकीचा नव्हे. शेवटी गोधडीत गुंडाळून मागच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली. मुंगीचं हसणं शाबूत आहे, खालचे लोक अजून मान वर करतात, असं मी स्वतःला समजावलं. शेजारीपाजारी माझ्या पाया पडायला येतात. अखंड मौन घेतलंय म्हणे आजींनी, केवढी निष्ठा. आणि हे त्यांना चहा विचारतात, खरं काय ते सांगत नाहीत. हे चीड आणणारं आहे. म्हणून मी लिहून ठेवते आहे.

आता आज दुपारचं.

जेवायला बसले, पहिला घास घेतला. मुंगी टाळ्या पिटत नाही हल्ली. तिनं मान तिरकी करून कान दिला आणि स्वतःशीच म्हणाली, "आजी उघडली." ताटावरून उठून मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं तिचं हसणं आलं. गोष्टीत जिथे हसायचं असतं, नेमकं तिथे ती हसत होती. गोष्ट मला ऐकू येत नव्हती.

मी गेले तेव्हा तिनं स्टूल कपाटाला लावलं होतं. एक पाय वर, हातात काठी. मी तिला घट्ट धरलं.

"सोड ना," ती म्हणाली. "तूच बोलावलंस. तूच विचारलंस, कुणाची हरकत नाही ना? मी सांगितलं, माझी नाही."

मी मान हलवली. दुपार होती, मला मान हलवायची मुभा होती. नाही, नाही, नाही. दोन्ही हात हलवले. तिचा चेहरा ओंजळीत धरून ओठांनी सावकाश सांगितलं.

मुंगीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग वर कपाटाकडे बघून थोडा वेळ ऐकत राहिली.

"आजी म्हणते," ती मला म्हणाली, "असं नाही. तोंडानं सांगायचं."