आर्डिसबाईंच्या खिडकीतला दिवा

बर्फाने अडलेला रस्ता उद्या दुपारशिवाय मोकळा होत नाही. तेव्हा पोरांनो, बूट काढा, पाय त्या गरम हवेच्या जाळीपाशी ठेवा आणि निवांत बसा. तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी ऐकू येतेय ना? घुर्र घुर्र? ती ऐकू येतेय तोवर काळजी नाही.

भट्टीवरून आठवलं म्हणून सांगतो. ऐकीव नाही हं. व्हर्लिन हॉगस्टाड माझा शेजारी, मधे फक्त एक अंगण. कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला त्यांच्या आधी कळतं, असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. पण म्हणूनच मला हे सगळं ठाऊक आहे.

साल 2024. जानेवारीची पंधरा तारीख, सोमवार. दुपारी व्हर्लिन भट्टीचा फिल्टर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला. वय एकाहत्तर. अडतीस वर्षं गावातल्या भट्ट्या दुरुस्त करण्यात गेलेली. फिल्टर हवा होता त्याच्या समोरच्या आर्डिस क्वामबाईंच्या घरासाठी. बाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, घर रिकामं होतं. मुलगी टॅमरा फार्गो शहरात. तिला घर विकवत नव्हतं, म्हणून नळ गोठू नयेत एवढ्यापुरती भट्टी मंद चालू ठेवलेली. तिची देखभाल व्हर्लिन करायचा. फुकट.

गल्ल्यावरची बाई म्हणाली, "रिकाम्या घराला नवा फिल्टर कशाला रे व्हर्लिन? भुताखेतांना धुळीने शिंका येतात की काय?"

दुकानातली माणसं हसली. व्हर्लिन हसला नाही. पिशवी उचलून निघाला.

त्याने जाऊन फिल्टर बदलला, भट्टी तपासली, भिंतीबाहेर येणारा तिचा धुराचा पांढरा पाइप हाताने पुसला. सगळं ठीक. कुलूप लावलं, किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवली. चारच्या सुमारास वारा सुटला आणि बर्फ आडवा उडायला लागला. मला माझ्याच अंगणातलं झाड दिसेना.

आता मागचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

घर बंद करून कुणी गेलं की खिडकीत लाल दिवा ठेवायची आपल्याकडे रीत आहे. शहरात वाढलेल्यांना माहीत नसेल. घरातली ऊब एका आकड्याखाली गेली की तो दिवा आपोआप लागतो. लागला म्हणजे समजायचं, भट्टी बंद पडली. मग ज्याला दिसेल त्याने उठायचं. घर कुणाचं, त्याच्याशी बोलणं आहे की नाही, ते बघायचं नाही. जायचं.

आर्डिसबाई ब्याऐंशीच्या. तिखट जिभेच्या. व्हर्लिन भट्टी बघायला गेला की म्हणायच्या, "आधी कॉफी, मग भट्टी. थंड पोटाने काम करणाऱ्याच्या हातचं मला चालत नाही." त्याच्या आधीच्या जानेवारीत त्या खिडकीत दिवा ठेवून मुलीकडे गेल्या होत्या, आठवडाभरासाठी. तिथे दोघींचं वाजलं. टॅमरा म्हणाली, "आई, घर वीक आणि इकडेच राहा." झालं! बाईंनी पिशवी उचलली, चर्चमधल्या कुणाच्या तरी गाडीतून रविवारी रात्री परत आल्या. कुणालाही कळवलं नाही.

त्याच रात्री त्यांची भट्टी बंद पडली.

पहाटे तीनला व्हर्लिन लघवीला उठला होता. खिडकीतून त्याला समोर लाल दिवा दिसला. बाहेर उणे एकतीस. तो स्वतःशी म्हणाला, रिकामं घर आहे. फार तर नळ फुटतील. सकाळी बघू. आणि पांघरुणात शिरला.

सकाळी आठला गेला तर बाई स्वयंपाकघरात, जाळीपाशी खुर्ची ओढून बसलेल्या. निळी घोंगडी खांद्यावरून घेतलेली, तोंड खिडकीकडे. टेबलावर कॉफीचे दोन कप मांडलेले. लेफ्सेची, म्हणजे आपल्या बटाट्याच्या पोळ्यांची, ताटली फडक्याखाली झाकलेली.

दोन कप. फोन त्यांनी कुणालाच केला नव्हता. दिवा लागलाय म्हणजे व्हर्लिन येणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

व्हर्लिनने सगळ्यांना सांगितलं, "मला दिवा दिसला नाही." खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, ग्लेंडाला, ठाऊक. तो दिवा माझ्याही खिडकीतून दिसतो, बरं का. व्हर्लिन जाईल, त्याचंच काम आहे, असं म्हणून कुशीवर वळणारं आणखीही कुणी असू शकतं. असो.

अंत्यविधीनंतर टॅमराने व्हर्लिनचा हात धरला. "तुमचा काय दोष काका? दिसला असता तर तुम्ही धावत आला असतात." त्याला वर बघवेना. खिडकीतला दिवा काढू का, एवढंच त्याने विचारलं. घरी आणून त्याने तो बुटाच्या खोक्यात घातला, वायर गुंडाळून सुतळीने बांधली आणि खोकं आपल्या गॅरेजमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर ढकललं. नजरेआड. तेव्हापासून रात्री तीनला त्याला जाग यायची ती यायचीच.

तर त्या रात्री, म्हणजे मंगळवार उजाडायच्या आधी, तीन वाजून दहा मिनिटांनी व्हर्लिन उठला. वारा पडला होता. चांदणं बर्फावर पसरलेलं. त्याने सवयीने समोर पाहिलं.

लाल दिवा.

तो विजार चढवायला लागला.

ग्लेंडा जागी झाली. "कुठे निघालास?"

"आर्डिसबाईंकडे दिवा लागलाय."

"अरे, रिकामं घर आहे. उणे एकतीस बाहेर. सकाळी बघ की."

व्हर्लिन तिच्याकडे बघत राहिला. आपण काय बोललो ते तिला कळलं. ती उठली आणि तिने त्याचे हातमोजे आणून दिले.

अंगणात बर्फ मांडीपर्यंत. एक पाय रोवायचा, दुसरा उपसायचा. नाकातला श्वास गोठत होता. दिवा समोर... स्थिर. लाल.

अर्ध्यावर आला आणि थांबला.

दिवा तर त्याच्या गॅरेजमध्ये होता.

खोक्यात. सुतळी बांधून. त्यानेच ठेवलेला.

त्याने डोळे चोळले. पापण्यांवरचा बर्फ पुसला. पुन्हा पाहिलं... होता. तिथेच. त्याच खिडकीत.

मागे वळला असता तर कुणी त्याला नावं ठेवली असती का? मी तरी ठेवली नसती. म्हातारा माणूस, रात्रीची वेळ, डोळ्यांना भास झाला म्हणून सोडून दिलं असतं. तो मला म्हणाला, "मला भुताची भीती वाटली नाही रे. आपण परत मागे फिरू, याची वाटली."

तो मोठ्याने म्हणाला, "आलो, आर्डिसबाई."

आणि चालू लागला.

दारापाशी बर्फाचा ढीग. त्याने हातांनी उपसला. चौकटीवर किल्ली नव्हती. मूठ फिरवली... दार उघडं होतं.

आत काळोख. लाल उजेड कुठेच नाही. घर बाहेरच्यासारखंच थंडगार. भट्टीचा आवाज नाही. कसलाच आवाज नाही.

"बाई..."

तो स्वयंपाकघरात आला. खिडकीची कड मोकळी. चांदण्यात दिसत होती... मोकळी.

जाळीपाशी खुर्ची. ओढून घेतलेली.

खुर्चीत कुणीतरी होतं.

निळी घोंगडी. तोंड खिडकीकडे.

व्हर्लिनने टोपी काढली. एवढ्या थंडीत. का काढली, ते त्याला अजून सांगता येत नाही.

"मला दिसला होता दिवा," तो म्हणाला. "मागच्या वेळीही... दिसला होता. मी आलो नाही."

काही नाही.

तो गुडघ्यांवर बसला. घोंगडीतून हात बाहेर आला होता, तो त्याने धरला. बर्फासारखा.

आणि त्या हाताची बोटं... हलली.

"आई," खुर्चीतून आवाज आला. जड, झोपेतला. "आई... दार वाजतंय गं..."

टॅमरा होती.

वर्षश्राद्धासारखाच दिवस तो. आईच्या घरात ती एक रात्र काढायला आली होती. वादळातच पोचली, गाडी मागच्या गॅरेजमध्ये घातली, चाकांच्या खुणा बर्फाने बुजवल्या. माझ्या नजरेतून गाडी सहसा सुटत नाही, पण त्या संध्याकाळी ती सुटली. अंगात ताप होता म्हणून झोप आणणारं तापाचं औषध घेऊन आईच्या खुर्चीत बसली आणि तिथेच डोळा लागला. वाऱ्याने भिंतीपाशी बर्फ रचला, पांढरा पाइप बुजला, भट्टी बंद पडली. ती झोपलेलीच.

व्हर्लिनने आपला कोट तिच्यावर टाकला आणि ग्लेंडाला फोन केला. मी आरडाओरडा ऐकून सपाता घालूनच धावलो. माझ्या पायाचं एक बोट त्या रात्री गेलं ते यासाठीच. तिघांनी तिला ट्रकमध्ये घातलं. बर्फ काढणारा गाडीवाला पुढे निघाला, त्याच्या मागे मागे हॉस्पिटलपर्यंत बावीस मैल. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं.

सकाळी ती शुद्धीवर आली. व्हर्लिन शेजारीच बसून होता.

"काका, तुम्हाला कसं कळलं? मी तर कुणाला सांगितलंच नव्हतं."

"दिवा दिसला."

"दिवा? तो तर तुम्हीच काढून नेलात ना?"

मग व्हर्लिन सगळं बोलला. त्या वर्षीचं. तीन वाजताचं. "सकाळी बघू" म्हणालो तेही. एकही शब्द गाळला नाही.

टॅमराने तोंड भिंतीकडे फिरवलं. तो उठायला लागला तेव्हा भिंतीकडे बघूनच म्हणाली, "आईने दोन कप का मांडले होते... मी वर्षभर विचार करत होते. मला वाटायचं, दुसरा माझ्यासाठी असेल. मी मागे येईन म्हणून."

ती रडली. तोही रडला. माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. पण दर वर्षी त्या तारखेला ती येते, आणि कॉफी व्हर्लिनकडेच घेते.

दहाच्या सुमारास आम्ही परतलो. व्हर्लिन घरात गेला नाही. सरळ गॅरेजकडे गेला. मीही मागे गेलो, माझा स्वभावच आहे तो. गॅरेजला ऊब नाही. आत उणे पंचवीस असेल. फळीवरच्या एकूण एक वस्तूवर पांढरं हिम जमलं होतं... रंगाचे डबे, दोरखंड, जुना पाना, सगळं पांढरं.

खोक्यावर नव्हतं. खोकं ओलं होतं.

त्याने ते खाली घेतलं. झाकण काढलं. वायर गुंडाळलेली. सुतळीची गाठ त्याचीच, दुहेरी, तशीच्या तशी घट्ट.

व्हर्लिनने हातमोजा काढला आणि दिव्याच्या काचेला बोट लावलं. मग माझा हात धरून माझंही बोट तिथे टेकवलं.

नुकती कॉफी ओतलेला कप असतो ना...

तेवढी गरम होती.