फहमिदाबींचं कासव

निजामुद्दीननं पाठीवर बोट वाजवलं, तरी कासवानं मान आत ओढली नाही. पाय पसरून ते फरशीवर पडून राहिलं. तोंडातून फेस गळत होता.

निजामुद्दीन पूर्वी पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार, होता. नोकरी सोडल्यावर लोकांची खासगी प्रकरणं तपासून द्यायचा, आणि रामकिसन त्याच्यासोबत फिरायचा. शहागंजातलं हे घर निजामुद्दीनच्या मरहूम दोस्ताचं. त्याची बेवा फहमिदाबी निजामुद्दीनपुढं पडदा करत नसे. कासव तिच्या मुलीनं पाळलेलं. मुलगी प्लेगात गेली, कासव राहिलं.

"मोलकरणीनं विष घातलं, सरूबाईनं," फहमिदाबी म्हणाली. "याची घाण काढावी लागते म्हणून रोज कुरकुरायची. पालक तीच चिरून ठेवते. उद्या दीर सिल्लोडहून येतायत. त्यांच्यासमोर तिला ठाण्यातल्या अमीनच्या हवाली करणार."

रामकिसन तिच्या अगदी समोर उभा होता. उघड्या चेहऱ्याच्या परक्या बाईकडं बघावं कसं, म्हणून त्यानं नजर खाली घातली होती. तेवढ्यात त्याला खोकला आला. फहमिदाबी दचकली आणि घाईघाईनं ओढणी तोंडावर घेतली. दुःखात माणसाला भान राहत नाही, असं रामकिसनला वाटलं.

पालकाशिवाय कासव काय खातं, हे निजामुद्दीननं विचारलं.

"भिंतीकडची गुलाबी, भरगच्च जास्वंद. सकाळी मीच खुडते, मीच भरवते. आजही दिली."

सरूबाई चुलीपाशी बसली होती. तिनं एवढंच सांगितलं, "म्या नाय घातलं." आणखी काही ठाऊक आहे का, असं विचारल्यावर ती बराच वेळ मालकिणीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नाय. कायबी नाय."

"ही काहीतरी लपवतेय," रामकिसन बाहेर आल्यावर म्हणाला.

"लपवतेच आहे," निजामुद्दीन म्हणाला.

सांडू माळी भिंतीकडं पाणी घालत होता. जास्वंदीला पांढरी कीड लागली म्हणून मागच्या आठवड्यात ती बुडापासून तोडल्याचं त्यानं सांगितलं. बीबींना सांगायचं राहून गेलं होतं. "दिसंलच की त्येन्ला," तो म्हणाला. तोडलेल्या बुंध्यावर शेजारच्या कण्हेरीची फांदी वाकली होती. गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची फुलं.

ते आत आले तेव्हा फेस थांबला होता. कासव गेलं होतं.

निजामुद्दीननं सांडूला आणि सरूबाईलाही बोलावून घेतलं. कण्हेरीचं एक फूल त्यानं फहमिदाबीच्या हातात दिलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. तिनं पाकळ्या चाचपल्या.

"जास्वंद."

सांडूनं मान खाली घातली.

"भाभी, ही कण्हेर आहे," निजामुद्दीन म्हणाला. "जास्वंद तोडून आठवडा झाला. जिथं फूल असायचं तिथं तुम्ही हात घालत होता, आणि हाताला हे लागत होतं. कण्हेर विषारी, तिला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. पण यानं तुमच्या हातावर भरवसा ठेवला, आणि ते विष रोज थोडं थोडं भिनत गेलं." तो थांबला. "रामकिसन तुमच्या पुढ्यात उभा होता, आणि तो खोकल्यावर तुम्ही पडदा केला. किती दिवसांपासून दिसत नाही?"

फहमिदाबीच्या हातातलं फूल गळून पडलं. हिवाळ्यापासून सगळं धुरकट झालं होतं. नजर परत येणार नाही, असं हकीमजींनी सांगितलं होतं. दिराला कळलं तर तो घराला कुलूप घालून आपल्याला सिल्लोडला नेईल, मुलीचं हे घर सुटेल, म्हणून तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मला म्हाईत व्हतं," सरूबाई म्हणाली. "कण्हेरीचं नाय, डोळ्याचं. घासल्याली भांडी परत घासाया द्यायच्या तुमी."

"मग बोलली का नाहीस? मी तुला ठाण्यात पाठवत होते."

"बोलले असते तर तुमाला सिल्लोडला नेलं असतं."

उद्या दीर येणार, कासव मेलेलं बघणार आणि कसं मेलं हे विचारणार.

"कासव कुठं आहे?" फहमिदाबीनं विचारलं. ते तिच्या पायाशीच होतं.

सरूबाई उठली, तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तो हात कासवाच्या पाठीवर ठेवला.